लाजरसबाबांचे पाय आणि अण्णांची सही

दुष्काळाच्या त्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, निम्म्या गावाचे पाय आमच्या अंगणात येऊन बसून गेले. पायांबरोबर माणसंही आली, ती न येऊन करतात काय, पण माझ्या वडिलांना तेव्हा माणसांशी काही देणंघेणं नव्हतं. “बस. चप्पल काढ. पाय पुढं घे. हलू नको,” एवढंच त्यांचं आदरातिथ्य. चहाचं आई विचारायची. दुष्काळ असला म्हणून काय झालं, आलेल्याला चहा विचारल्याशिवाय तिला राहवायचं नाही, आणि त्या चहात दूध नसल्याबद्दल ती इतकं बोलायची की पिणाऱ्याला वाटावं, आपणच हिची म्हैस आटवली. बोलण्याचा हा वारसा माझ्याकडं जसाच्या तसा आलाय. आत्ताच बघा, सांगायला बसले पायांचं आणि पोचले म्हशीपाशी.

माझे वडील, आमचे अण्णा, पेंटर होते. तिसगावच्या आसपासच्या गावांत कुठलीही पाटी बघा, ती अण्णांची. किराणा दुकानं, शिंपी, सायकल दुरुस्ती, ट्रकच्या मागच्या फळ्या, जत्रेतल्या तमाशाचे बोर्ड, निवडणुकीच्या भिंती, लग्नघराच्या दारावर ‘शुभविवाह’ आणि दोन्ही अंगांना केळीची झाडं. हे सगळं त्यांचं आहे हे लोकांना कळायचं, कारण प्रत्येक कामाखाली त्यांची सही असायची. सही म्हणजे कोपऱ्यातलं बारीक नाव नव्हे. तांबडा रंग, काळी सावली आणि खाली एक लांबलचक ऐटबाज वळसा. पोळ्याला आमच्या चुलत्यांच्या बैलांची शिंगं त्यांनी रंगवली, तिथं जागा कमी पडली म्हणून बैल वाचले. घरातला पाण्याचा रांजण, माझी शाळेची पत्र्याची पेटी, परसातलं कोंबड्यांचं खुराडं, सगळ्यांवर अण्णांचं नाव. कळस म्हणजे दफनभूमीतले क्रूस. मेलेल्या माणसाचं नाव काळ्या रंगात आणि त्याखाली पेंटरचं नाव तांबड्यात, जरासं मोठंच. आई एकदा सगळ्यांसमोर म्हणाली, “अवो, लोकं माझ्याकडं येऊन रडाय लागलेत. तुमीच गेलात असं वाटतंय त्यास्नी.” अण्णांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढं अंगण, अंगणात लिंब. घरात कायम टर्पेंटाइन आणि घासलेटाचा वास. त्या दिवसांत रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, आणि तिच्या भाकरी थापता थापता मोडायच्या. आईचं म्हणणं की ह्या भाकरीला रंगाचा वास लागतो तेच बरं, नाहीतर हिला स्वतःची काही चवच नाही. पण उपवासकाळातल्या शुक्रवारी ती हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करायची, लसूण-मिरची सढळ हातानं घालून, आणि ते खाताना नाकातून पाणी यायचं. उपवासाचं प्रायश्चित्त ते हेच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. लोक दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, बायका डोक्यावर हंडे घेऊन लांब जायच्या, आणि तरीही संध्याकाळी चर्चमध्ये पेटी-तबल्यावर भजन रंगायचंच. आज कुणी मला त्या काळाबद्दल हळहळून विचारतं तेव्हा माझी पंचाईत होते. हाल होते, खोटं कशाला बोलू? पण आम्ही हसलोही फार.

तर एक दिवस फटफटीचा आवाज आला आणि फादर अंगणात उतरले. आमचे फादर जर्मनीचे. उंच इतके की लिंबाची खालची फांदी त्यांच्या कपाळाला लागायची आणि प्रत्येक वेळी ते फांदीची माफी मागायचे. मराठी ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे अगदी शुद्ध बोलत. त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक लाकडी फळी काढली. फळीवर चित्र होतं. येशू कमरेला पंचा बांधून खाली वाकलाय आणि आपल्या शिष्याचे, पेत्राचे, पाय धुतोय. मागं बाकी शिष्य दाटीवाटीनं बसलेत आणि पेत्रानं एक हात स्वतःच्या डोक्याला लावलाय. फादर तिला ‘आयकॉन’ म्हणायचे, आम्ही ‘फळी’ म्हणायचो.

“ह्याचं डोकं दुखतंय का?” आईनं विचारलं.

“नाही बाई. तो म्हणतो, प्रभू, केवळ पाय नव्हे, माझे मस्तकही धुवा.” फादरांनी फळी अण्णांच्या हातात दिली. “चर्चच्या भिंतीवर आपण हे मोठे करून काढावे, अशी माझी इच्छा आहे. पवित्र गुरुवारपर्यंत.”

अण्णांनी फळी उलटसुलट करून पाहिली आणि लगेच चुका काढायला सुरुवात केली. अण्णा ड्रॉइंगची परीक्षा पास होते, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत. “फादर, राग येऊ देऊ नका, पन ज्यानं हे काढलं त्याला काय येत न्हाई. हे बाकडं बघा. मागची बाजू रुंद अन् पुढची अरुंद! लांबची वस्तू ल्हान दिसती, हे शाळेतलं पोरगं बी सांगंल. मी नीट करून देतो.”

“नीट करू नका,” फादर म्हणाले. “त्याने जाणून तसे काढले आहे. हे चित्र आपण पाहावे म्हणून नाही. ते आपणांस पाहते. त्याच्या दृष्टीने आपण लांबचे आहोत. म्हणून आपल्याकडे येता येता सर्व लहान होत जाते.”

अण्णांनी फळी पुन्हा डोळ्यांजवळ नेली. ड्रॉइंगच्या परीक्षेत हे नव्हतं. मी विचारलं, सगळ्यांची तोंडं एवढी लहान का काढलीत? “कारण पवित्र माणसे थोडे बोलतात,” फादर म्हणाले, तशी आईनं माझ्याकडं बघितलं, मी आईकडं बघितलं, आणि दोघींनी पदर-ओढणीत तोंडं लपवून हसून घेतलं. मग फादरांनी हलक्या आवाजात खरी गोष्ट सांगितली. असं चित्र काढणारा उपास करतो, प्रार्थना करतो आणि चित्राखाली आपलं नाव लिहीत नाही. ज्यानं ही फळी रंगवली त्याचं नाव कुणालाच माहीत नाही.

“मंग त्याला म्होरलं काम कोन देनार?” अण्णा म्हणाले.

त्यांना खरंच प्रश्न पडला होता. फादर हसले, पण मला हसू आलं नाही. दुष्काळात पाटी कोण रंगवून घेतो? दुकानं ओस, लग्नं पुढं ढकललेली. चर्चची ती भिंत म्हणजे अण्णांच्या हयातीतलं सगळ्यात मोठं काम, आणि ईस्टरला दहा गावचे लोक ते बघणार. त्यावर नाव नाही म्हणजे काय! ते कबूल झाले, पण फटफटी कोपऱ्यावर वळली तोच म्हणाले, “शेवटच्या दिवशी ठोकतो सही. एकदा भिंतीवर पडली की कोन पुसतंय?” आई चुलीपुढून ओरडली, “उपासाच्या दिवसांत फादरला फशिवता? जीभ झडंल!” अण्णा म्हणाले, “सही हातानं करत्यात, जिभंनं न्हाई.”

काम सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात ते अडलं. अण्णांना पाय काढता येत नव्हते. एवढी वर्षं ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण अण्णांनी काढलेली माणसं छातीपर्यंतच असायची. त्याहून मोठं कुणी काढावं लागलं तर ते गवतात नाहीतर पाण्यात उभं असायचं. तमाशातल्या बाईलासुद्धा त्यांनी ढगावर नाचवलं होतं. आता ढग नाही, गवत नाही, चित्राचा सगळा जीवच पायांत. भिंतीवर त्यांनी पेत्राचे पाय काढले ते बघून आई म्हणाली, “बटाट्याच्या पिशव्या कशाला लटकवल्यात तितं?” अण्णा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “रूथे, जा, कुनाचं तरी पाय घिऊन ये.”

मी गावभर सांगत सुटले. तोंड माझंच, एका सकाळीत पोचलं सगळीकडं. आणि मग जी गंमत झाली ती आमच्याच लोकांकडून व्हावी. येशू ज्यांचे पाय धुणार ते पाय आपले असावेत म्हणून जो तो पाय धुऊन यायला लागला! नुसते धुऊन नाही, घासून. प्यायला पाणी नाही अशा दिवसांत लोकांनी वजरीनं टाचा घासल्या, खोबरेल लावलं. चर्चचे पेटीवाले मामा तर लग्नातले मोजे घालून आले आणि मोज्यासकट काढा म्हणाले. अण्णा कपाळावर हात मारून घ्यायचे. “अरं, धुतलेलं पाय परभू कशाला धुईल? त्याला काय काम न्हाई का? मळलेलं आना!” पण मळलेले पाय घेऊन येशूच्या चित्रात जायला कुणी तयार होईना. सांगायची गोष्ट, दर पवित्र गुरुवारी फादर बारा गावकऱ्यांचे पाय धुतात, तेव्हाही हे बाराजण घरून पाय लखलखीत करूनच येतात. आजही येतात. फादरांना घाण दिसू नये, ही आमची रीत.

शेवटी लाजरसबाबा आले. विहिरी खोदण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. अंगठा एकीकडं वळलेला, एक नख कायमचं गेलेलं, टाचांना भेगा. त्यांनी पाय धुतले नव्हते, कारण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की हे कशासाठी आहे. ते लिंबाखाली विसावायला बसले होते, इतकंच. अण्णांनी ते पाय बघितले आणि ओरडले, “बाबा, हलू नका! हेच! हेच!” म्हातारा दचकून म्हणाला, “का रं? इच्चू हाय का?”

त्यानंतर रोज सकाळी लाजरसबाबा बाजेवर आणि अण्णा त्यांच्या पुढ्यात जमिनीवर. उभं राहून पाय काढता येत नाहीत, हे अण्णांना तेव्हा कळलं. नजर पायांच्या पातळीला न्यावी लागते. सगळ्या पंचक्रोशीत मान ताठ ठेवून फिरणारा माझा बाप मातीत मांडी घालून, कधी कधी पालथा पडून, एका म्हाताऱ्याच्या करंगळीकडं टक लावून बसायचा. एकदा बाबांच्या टाचेत काटा दिसला तर अण्णांनी ब्रश ठेवून सुईनं तो काढला. मला त्यांचं ते रूप फार आवडायचं. अण्णा घरात कधी इतके शांत नसायचे. बाबा विहिरींच्या गोष्टी सांगायचे, कुठं खडक लागला, कुठं पाणी अंगावर आलं, आई शेंगदाणे भाजायची, लिंबाचा मोहर सगळ्यांच्या डोक्यावर पडायचा. अंगणात इतकं सुख होतं की पाऊस नाही हे विसरायला व्हायचं.

पवित्र गुरुवारी दुपारी भिंत पुरी झाली. मी तिथंच होते. पाय असे उतरले होते की लाजरसबाबांनी भिंतीला हात लावून बघितला. सगळे बाहेर गेले तेव्हा अण्णांनी तांबड्याचा डबा उघडला, उजव्या कोपऱ्यात, शिष्यांच्या बाकाखाली, नाव लिहिलं आणि खाली वळसा मारला. मी म्हटलं, “अण्णा, फादर...” ते म्हणाले, “गप.” वळताना त्यांचं कोपर लागून डबा कलंडला आणि रंग त्यांच्या उजव्या पायावर सांडला. त्यांनी चिंध्यांनी पुसला आणि चित्रावर चादर सोडली.

संध्याकाळी चर्च गच्च भरलं. पेटीवाले मामा घामाघूम. फादरांनी चादर ओढली आणि ‘अहाहा’ असा एकच आवाज उठला. लोक पाय बघत होते. मी मात्र कोपरा बघत होते आणि मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. फादरांची नजर त्या नावावर गेली. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. आता भर सभेत अण्णांची शोभा होणार असं आम्हा दोघींना वाटलं. पण फादरांनी वरचा झगा काढला, कमरेला पंचा बांधला आणि घंगाळ घेऊन बाकावर बसलेल्या बाराजणांपुढं गुडघे टेकले.

एकेक चकचकीत पाय पाण्यातून काढत ते शेवटच्या माणसापाशी आले. शेवटचे होते लाजरसबाबा. त्यांनी पाय धोतरात ओढून घेतले.

“माजं नगं, फादर.”

“का बाबा?”

“माजं पाय तितं परभूच धुतोय की!” म्हाताऱ्यानं भिंतीकडं बोट केलं. “आता किती डाव धुवायचं? त्यापरीस ह्या पेंटरचं धुवा. म्हैनाभर माज्या पायापाशी मातीत बसलाय.” असं म्हणून बाबा उठले, मागं उभ्या असलेल्या अण्णांचा दंड धरला आणि त्यांना स्वतःच्या जागेवर बसवलं. अण्णा नको नको म्हणत होते. सगळ्या चर्चमध्ये न धुतलेले पाय फक्त त्यांचे होते, वर तो तांबडा रंग. फादरांनी त्यांचा उजवा पाय हातात घेतला. अण्णा बाकावर उंच बसलेले आणि तेवढे उंच फादर त्यांच्यासमोर वाकून, डोकं जवळजवळ गुडघ्याला टेकलेलं. फादर अंगठ्यावरचा रंग चोळू लागले. तो सहीचाच रंग होता आणि हे त्या दोघांना माहीत होतं. घंगाळातलं पाणी थोडं गढूळ झालं, तांबडं काही हलेना.

“घासू नका फादर,” अण्णा रडवेल्या आवाजात म्हणाले. “आइल पेंट हाय. घासलेटाबिगर जायाचा न्हाई.”

अख्खं चर्च हसलं. फादरही हसले. “मग असू द्या,” ते म्हणाले, पंच्यानं पाय कोरडा केला आणि रीतीप्रमाणे त्याच पायाचं, त्याच तांबड्या अंगठ्याचं, चुंबन घेतलं. अण्णांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले. मी माझ्या वडिलांना त्याआधी रडताना बघितलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला इतका आनंद झाला की मी आईला मिठीच मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चित्रातल्या फरशीचा मातकट रंग कालवून चर्चमध्ये गेले. मी बरोबर होतेच. फादर वेदीवरून काढलेल्या कापडांच्या घड्या घालत होते. अण्णांनी ब्रश बुडवला आणि आपल्या नावावरून फिरवला, आधी वळसा, मग अक्षरं. शेवटच्या अक्षरापाशी थोडे थांबले, मग तेही गेलं.

“मी आपणांस सांगितले नव्हते,” फादर मागून म्हणाले.

“म्हाईत हाय.”

“वाईट वाटते का?”

“लई,” अण्णा म्हणाले. “लई वाईट वाटतंय, फादर.” आणि हसले.

घरी येऊन त्यांनी आम्हा दोघींना समोर बसवलं आणि बजावलं, “कुनी इचारलं कुनी काढलं, तर म्हाईत न्हाई म्हनायचं.” मग ईस्टर आला. उपास सुटले, आईनं कुठून तरी पाव-अर्धा शेर मटण मिळवलं आणि रस्सा इतका पातळ केला की सगळ्या आळीला पुरला. लाजरसबाबा आमच्याकडंच जेवले. पुढं अण्णा अगदी बदलून गेले असं मात्र कुणी समजू नये. ट्रकवर, दुकानांवर त्यांची सही मरेपर्यंत तशीच होती, सावलीसकट. फक्त क्रुसांवर पुन्हा कधी आली नाही.

मागच्या वर्षी मी त्या चर्चमध्ये गेले होते. आता गुडघे दुखतात, म्हणून खुर्ची दिली होती. नवीन तरुण फादर कुठल्याशा पाहुण्यांना चित्र दाखवत होते. म्हणाले, “हे जुन्या काळी एका जर्मन चित्रकारानं येऊन काढलंय. पाय बघा, आपल्याकडच्या माणसाला असं जमायचं नाही.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जर्मन! तोंड उघडलं. पाहुणे माझ्याकडं बघायला लागले. “काही म्हणताय का आजी?” फादरांनी विचारलं. मी म्हटलं, “न्हाई हो. पाय छान काढलेत.” उभ्या आयुष्यात गप्प राहायला मला एवढे कष्ट पडले नव्हते.

आणि हे प्रकरण लिहिताना तेच झालं. आमच्या गावाचं, अण्णांचं, दोन्ही नावं पहिल्या खर्ड्यात मी ठळक लिहिली होती, पूर्ण, आडनावासकट. काल रात्रीच्या जेवणाआधी बसून दोन्ही खोडली. लई वाईट वाटलं.